दादांची मोपेड कुठे थांबायची

भुताखेतांचं खातं आमच्या घरी आईकडे होतं. असे विषय निघाले की मी पुस्तक घेऊन माडीवर जायचो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय...

तेव्हा मी जालन्यात एका ऑफिसात होतो. बियाणं वाहणाऱ्या गाड्यांना लहान यंत्रं बसवलेली असत. गाडी कुठून कुठे गेली, ते कॉम्प्युटरवर साठत जायचं. साठलेल्या हजारो वाटा ताडून एकमेकींसारख्या शोधणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. चाचणीसाठी एक यंत्र दादांच्या – वडिलांच्या – मोपेडलाही लावलं होतं.

दादा गेले. मोपेड मस्तगडच्या किसनमामांनी, आमच्या भाजीवाल्यांनी, घेतली. यंत्र काढायचं राहूनच गेलं.

आईनं गोड सोडलं. दादांना साखर होती, आणि तिनं कित्येक वर्षं त्यांना गुळाचा खडासुद्धा दिला नव्हता. "माणूस जिलेबीला तरसून गेला. मंग मी कोण्या तोंडानं खाऊ?" तेराव्याला पानातली बुंदी तशीच राहिली. पुढे तिचं बोलणंही आटलं.

एका दुपारी फार आठवण आली, म्हणून दादांची जुनी वाट प्रोग्रॅमला दिली आणि म्हटलं, हिच्यासारखी शोध. उत्तर आलं ते त्याच यंत्राचं, पण दादा गेल्यानंतरचं! म्हणजे चालवणारे किसनमामा. बाकी रस्ते वेगळे; एक तुकडा मात्र तंतोतंत – मोठ्या रस्त्यावरून गल्लीत वळायचं, थांबायचं, मग निघायचं.

मी मामांना गाठून त्या गल्लीचं विचारलं.

"लई खोडीची गाडी दिली तुम्ही," मामा म्हणाले. "कोनीकडूनबी येऊ द्या, तिथं आली की आचके देती. बाजूला घ्यावं म्हणून गल्लीत वळलो, की जिलेबीच्या ठेल्यापाशी बराबर बंद."

"मेकॅनिकला दाखवली?"

"दोघांला दाखवली. बिलकुल बिघाड न्हाई म्हणतेत. पावभर जिलेबी खाल्ली का एका पायडलात चालू. ठेलेवाला म्हणतो, गाडी वळखीची हाय. हिचा मालक रोज येत व्हता."

घरी येऊन आईला सांगितलं.

"रोज?"

"रोज."

"अन् घरी येऊन कारल्याचा रस प्यायचे, गरिबावानी तोंड करून."

तिनं चपला घातल्या. ठेल्यापाशी उभं राहून दोन जिलेब्या सावकाश खाल्ल्या, बोटं पुसली.

"गरमच खात असतील. जीभ भाजून यायचे अन् मला म्हणायचे, तुझी भाजी तिखट हाय."

आणि हसायला लागली... कितीतरी महिन्यांनी.

मोपेड अजून तिथे थांबते. प्लग, पेट्रोल, रस्त्याचा चढ – मी सगळं तपासलं, हाती काही लागलं नाही. आई म्हणते, "तिला कशाला छळतो? घरात कोनी सांगितलं न्हाई ते तिनं सांगितलं."