राणीचा गॉगल

वणीच्या टॉकीजमध्ये दुपारचा शो होता. सिनेमा राजेशाहीच्या काळातला आणि राणी घोड्यावरून आली ती चक्क काळा गॉगल लावून! मी उडालोच.

"त्या काळी गॉगल होता?" मी मोठ्यानं म्हणालो.

शेजारी तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. आरशांची ओढणी, दोरीनं बांधलेला जाड भिंगाचा चष्मा. घडीघडी तो ओढणीनं पुसून ती पडद्याकडे मान ताणायची.

"मुद्दाम लावला, भाऊ. शूटिंगवाले साहेब म्हणे, आजच्या पोरायले आवडते."

"तुम्हाला काय माहीत, मावशी?"

"मी हाय ना त्यात. थे पाहा, बैलामागं."

पडद्यावर मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांमागून ती खरंच चालत होती. हात पुढे धरून, चाचपडत.

"चष्मा कुठाय तुमचा?"

"काढाले लावला. म्हणे, तवाच्या काळात चश्मे नव्हते."

राणीसाठी इतिहास गुंडाळून ठेवणाऱ्यांना हिच्या चष्म्यापाशी मात्र तो बरोबर आठवला!

तिनं पुन्हा भिंगं पुसली.

"तवा मले काहीच नाही दिसलं, भाऊ. राणी कशी होती, थे आज पाहून राह्यली मी."