सासूबाईंनी पास केलेली काठी

कुठली वस्तू कुठल्या पदार्थाची करावी, हे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘टिचकीबाई’ म्हणत. बादली असो की कपाट, टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय बाईंचा विश्वास बसत नसे. त्या लांबून दिसल्या की भांडीवाला पातळ पातेली गुपचूप आत सारायचा.

लेखी परीक्षेवर बाईंचा राग. त्यांचा कायदा एकच: खऱ्या माणसासाठी खरी वस्तू करा, त्या माणसानं पास केलं, तर तुम्ही पास. यंदा तीन मुलांच्या एका गटाला त्यांनी चक्क स्वतःच्या सासूबाई दिल्या.

घरात पडल्यापासून सासूबाईंनी उंबरठा ओलांडला नव्हता. हाड जुळलं होतं, धीर मात्र जुळत नव्हता. समोरच्या घरात धाकटी बहीण राहायची, पण तिच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलेला. खिडकीतून हात हलवणं, एवढीच काय ती भेट.

मुलांनी पदार्थांच्या गुणधर्मांचे तक्ते पालथे घातले आणि ती सगळ्यांत हलक्या, सगळ्यांत ताठ अशा कार्बन फायबरची काठी घेऊन आली. काळीभोर, चकचकीत.

सासूबाईंनी ती उचलली. “अगं बाई, ही हातात आहे की नाही, ते बघायला मला चष्मा लागेल!” आणि काठी गेली कोपऱ्यात.

“बाई, आम्ही नापास?” गटातल्या उंच मुलीनं विचारलं.

“मला काय विचारतेस? परीक्षक त्या बसल्यात.”

मग मुलं आजींसमोर फतकल मारून बसली आणि जे आधी विचारायचं ते आत्ता विचारू लागली. आजींना भार टाकल्यावर जाणवेल असं वजन हवं होतं. घसरायला नको होतं. शिवाय काठी वाजायला हवी होती.

“वाजायला कशाला, आजी?”

“मी येतेय हे घराला कळायला नको?”

इथं पोरं अडकली. रबराचा बूट घसरत नाही, पण मुका. लोखंडी टोक खणखणतं, पण फरशीवर दगा देतं. चार दिवस गटात नुसती भांडणं. शेवटी चिवट लाकडाची काठी आली, खाली रबर, आणि मुठीखाली एक सैल पितळी कडी. प्रत्येक पावलाला खण्ण!

“छान आहे,” बाई म्हणाल्या. आता सासूबाई स्वयंपाकघरात येताना आधी कळणार, हा फायदा त्यांनी मनातच ठेवला.

सासूबाईंनी काठी टेकली. एकदा, दोनदा. मग कुणाला काही न सांगता चप्पल शोधली. उंबरठा, पायऱ्या, फाटक. मुलं मागोमाग. रस्त्यावर एक सायकलवाला खण्ण ऐकून आपणहून थांबला.

समोरचं दार उघडलं आणि आतून आवाज आला, “ताई! तू? चालत?”

“मग काय उडत? सरक बाजूला.”

दार लागलं. मुलं फाटकाशी ताटकळली. बऱ्याच वेळानं खिडकी उघडली आणि सासूबाईंचं डोकं बाहेर आलं.

“अरे, तुम्ही अजून इथंच? जा घरी, पास आहात! आणि सूनबाईला सांगा, जेवायला थांबू नका. आमचं आत्ता कुठं सुरू झालंय.”