चपलांजवळची पिशवी

दवनीवाड्याच्या कलाबाई नेपाळात लुंबिनीला गेल्या. गावच्या विहारात ठेवतात तशी त्यांनी पिशवी बाहेर चपलांजवळ ठेवली आणि दर्शनाला आत गेल्या. परतल्या तर चपला होत्या, पिशवी नव्हती. ओळखपत्र तिच्यातच होतं, आणि दुपारी त्यांची बस सीमा ओलांडून भारतात परतणार होती.

समोरच्या नेपाळी चहावालीने टपरी बंद करून त्यांना पोलीस चौकीत नेलं आणि चोरीचा दाखला मिळेपर्यंत ती शेजारी बसून राहिली.

"मेरे वास्ते दुकान काऊन बंद किया, बाई?"

"दीदी सामने रोएगी, तो मेरी चाय कौन पिएगा?"

कलाबाईंना रडताना हसू आलं. दाखला घेऊन त्या धावतच बसमध्ये चढल्या. तिचं नाव विचारायचं राहिलं. आता रोज वंदना झाली की, "लुंबिनीच्या चहावालीचं भलं होवो," असं त्या म्हणतात.