बॉनेटवरची थाप

दत्तू मिस्त्रींनी गावच्या गॅरेजात हाताखाली घेतलं, म्हणून नववीत शाळा सुटूनही मी आज या परमुलखात गाड्या दुरुस्त करतो. थंडीच्या सकाळी गाडी चालू करण्याआधी ते बॉनेटवर थाप मारायला लावत. “अरे घायकुत्या, आत मांजर झोपलं असेल. त्याला उठायला वेळ दे की!”

आज गावाहून फोटो आला. रस्ता रुंद होणार म्हणून जुन्या गॅरेजांच्या ओळीत प्रत्येक शटरवर लाल फुली मारली आहे. मिस्त्री अजून तिथल्या आपल्या गॅरेजातल्या मोडक्या अँबॅसिडरमध्येच झोपतात, आणि आता त्यांना ऐकूही कमी येतं. फोटो पाहिल्यापासून इथलं प्रत्येक इंजिन मला बुलडोझरसारखं वाटतंय.

मिस्त्री, बुलडोझर थाप मारत नाही. एवढं तरी मला फेडू द्या. त्याच्या आधी मी येईन, शटर वाजवीन आणि तुम्ही उठेपर्यंत थांबेन.