हाकेतला ‘क’

चुकीचं मराठी कानावर पडलं की सुलक्षणाबाईंना गप्प बसवत नसे. आठवडाभर त्या लंडनजवळच्या हॅरोतल्या एका सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर बसत आणि रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेत. तिथे ‘माझा आई’ म्हणणाऱ्या पोराला ‘माझी’ म्हटल्याशिवाय बिस्किट मिळत नसे. पोरं वैतागत, आयाही मनातून वैतागत, पण वर्ग सोडून कोणी जात नसे.

कुश दाबके त्या वर्गात अकरा वर्षं आला. इथेच जन्मलेला, गोड आणि भयंकर वाद घालणारा. ‘मी आजीला कॉल करतो’ असं तो म्हणे आणि बाई म्हणत, फोन करायचा तो वेगळा; तोंडाने बोलवायचं तर ‘हाक मारतो’ म्हण. त्यावर त्याने एकदा विचारलं होतं, “पण मारणं is bad ना, मावशी?” बाईंना हसू आवरलं नव्हतं. महिनाभर मागे लागून त्यांनी तो शब्द त्याच्या तोंडी बसवलाच.

पुढे कुश मँचेस्टरला शिकायला गेला. दोन हजार तीनच्या मार्चमध्ये इराकच्या युद्धाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा तोही उत्तरेतल्या एका गावी मोर्चाला गेला. तिथे एका पोलिसाची काठी त्याच्या डोक्यात बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वीस वर्षांचा होता.

काठी बसण्याआधी त्याने घरी फोन लावला होता. आई, नीना, कामावर होती, म्हणून बोलणं आन्सरिंग मशीनवर राहिलं. भोळ्या विश्वासाने तिने ती टेप स्वतः पोलिसांच्या हाती दिली. पोलिसांनी ती हिंदी जाणणाऱ्या कुणाकडून तरी उतरवून घेतली. कागदावर आलं ते असं : ‘एक मुलगी पडली आहे. पोलीस तिथे आहेत. मी त्यांना... हां, मारतो.’ झालं! पेपरांनी पोराला गुंड ठरवलं. आधी घरी येऊन चहा पिऊन गेलेल्या खासदाराला आता भेटायला सवड मिळेना. नीना ओरडून सांगत होती की तो ‘हाक मारतो’ म्हणालाय, पण मेलेल्या मुलाच्या आईचं कोण खरं मानणार?

वकिलाकडून आलेली टेपची नक्कल बाईंनी ऐकली आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. ‘कॉल करतो’ म्हणू दिलं असतं तर पोराची अशी बदनामी झाली नसती. शब्द त्यांनीच शिकवला होता आणि तोच त्याच्यावर उलटला होता. त्यांनी हे नीनाला बोलून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “ताई, मग तुम्हीच तो सोडवून आणा.”

दोन हजार पाचच्या शरद ऋतूत इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूची कोर्टातली चौकशी, सुरू झाली. मराठी जाणणाऱ्या साक्षीदार म्हणून बाईंना बोलावलं. पोलिसांच्या बाजूचा बॅरिस्टर फार गोड बोलायचा, आणि बाईंचा गोड बोलणाऱ्यांवर कधीच विश्वास नव्हता. ‘मारणे’ म्हणजे इंग्रजीत ‘हिट’ ना, असं त्याने विचारलं. शपथ घेतलेली, बाईंना ‘हो’ म्हणावं लागलं. तो ज्युरीकडे वळून मंद हसला. नीनाने मान खाली घातली.

बाईंनी कॉरोनरकडे, म्हणजे चौकशी चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पुरं उत्तर देण्याची परवानगी मागितली. मग त्यांनी इंग्रजीत समजावलं की आमच्या भाषेत माणूस गप्पा मारतो, चक्कर मारतो, मिठी मारतो, झाडू मारतो. हे सगळे गुन्हे असतील तर माझ्या अख्ख्या वर्गाला कोठडीत टाका. ज्युरीतली एक म्हातारी खुदकन हसली. बॅरिस्टर म्हणाला, मान्य, पण आधीचा शब्द ‘हां’ आहे, म्हणजे ‘होय, मारतो’ असाच अर्थ होतो.

इथे मात्र बाईंचं डोकं फिरलं.

“अकरा वर्षं मी या मुलाच्या तोंडून एक साधं ‘हो’ काढायला धडपडले,” त्या म्हणाल्या. “निघालं नाही. हॅरोतलं पोर आहे ते. होकाराला इंग्रजीतलं ‘या’ म्हणतं. या टेपवरही दोनदा म्हणालंय. मरायच्या आदल्या दिवशी ते हिंदी कुठून शिकलं?”

कॉरोनरने टेप पुन्हा लावायला सांगितली. बाजूच्या मित्राला कुश खरंच म्हणत होता, ‘या, या.’ मग, ‘आई, मी त्यांना हाक मारतो.’ हळू वेगात लावली, तेव्हा तो ‘क’ लख्ख ऐकू आला. मराठीचा गंधही नसलेल्या ज्युरीतल्या अकरा माणसांना ऐकू आला. पडलेल्या मुलीसाठी तो पोलिसांनाच मदतीला बोलवत होता.

ज्युरीने निर्णय दिला : बेकायदेशीर हत्या. नीनाने बाईंना असं घट्ट धरलं की त्यांचा चष्मा वाकला. त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. त्या पोलिसावर खटला भरला, त्याच्या वरिष्ठाला खुर्ची सोडावी लागली, आणि खासदारसाहेबांना अचानक दाबक्यांचा पत्ता आठवला. बाईंनी त्यांना दारातच उभं केलं आणि सांगितलं की माफी इथे नको, सरकारला पार्लमेंटमध्ये मागायला लावा. बिचाऱ्याने ते मनावर घेतलं.

पुढच्या वसंतात नीना, तिचा नवरा आणि बाई पार्लमेंटच्या गॅलरीत जाड काचेमागे बसले होते. टाळ्या वाजवायला तिथे सक्त मनाई आहे, हे दारावरच्या माणसाने दोनदा बजावलं होतं. खाली गृहमंत्री उठले. कुश दाबके याने कोणालाही धमकावलं नव्हतं, तो मदत मागत होता, सरकार त्याच्या आईवडिलांची माफी मागत आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं.

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पहारेकरी धावत आला, म्हणाला, मॅडम, तुम्हाला बाहेर जावं लागेल.

“जाते की,” बाई म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवतच निघाल्या. मागून नीनाही उठली, ती टाळ्या वाजवत आली, तिचा नवरा आला, आणि जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत तिघांपैकी कोणीही थांबलं नाही.