आप्पांची साखर घसरते तेव्हा

पुण्यातून निघाले तेव्हा माझ्या फोनवर आप्पांची साखर घसरत होती. आप्पा म्हणजे माझे थोरले मामा. मधुमेही, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या चाचणीत हौसेने नाव दिलेले. दंडावर कशी लावायची ते शिकवून साखर मोजणारी पट्टी मीच त्यांच्या हाती दिली होती. तिच्या सुईवर पेशीच्या आवरणाची नक्कल करणाऱ्या पॉलिमरचा थर आहे. त्यामुळे शरीर सुईला घरचीच समजतं. पट्टी खोटं बोलत नाही, असं मी जगाला सांगत फिरते. त्या दिवशी ती खोटी निघावी म्हणून देवाला विनवत होते.

शिक्रापूरला ट्रकांनी अडवलं. रांजणगावात कारखान्यांची पाळी सुटलेली. कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत माझी गाडी वरातीतल्या घोड्यासारखी सरकत होती. आप्पांचा फोन नुसता वाजत होता.

शिरूरला मामी दारातच भेटली.

"ते व्हय? मेंढरं घिऊन दौंडला लेकीकडं गेल्यात. आन् तू अशी घामाघूम का?"

सांगत बसायला वेळ नव्हता. न्हावऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस. एवढी साखर रानात उभी असताना माझे मामा साखरेवाचून जाणार, या विचाराने मला रडू फुटलं.

दौंडजवळच्या वस्तीवर आप्पा बाजेवर बसून बशीतून चहा ओढत होते.

"आप्पा, आधी साखर खा!"

"आत्ता चहात खाल्ली की."

"पट्टी कुठंय?"

त्यांनी वाघरीकडे (मेंढ्या कोंडायच्या जाळीकडे) बोट केलं. एका मेंढीच्या कानामागची लोकर कातरून तिथे माझी पट्टी लावलेली. शेजारी खुंटाला पिशवीत फोन. पट्टीचे आकडे त्याच फोनवरून मला येतात, तो पट्टीजवळच ठेवा, असं मीच बजावलं होतं.

"नवं औषध आदी मेंढीला, मग घरच्यास्नी. आमच्यात असंच असतंय."

मेंढीची साखर मुळातच आपल्यापेक्षा कमी असते. मी इतकी चिडले की मेंढीनेसुद्धा रवंथ थांबवला. पट्टी काढून पाहिली तर कातडी स्वच्छ, लाली नाही, सूज नाही. आमचं पॉलिमर झोकात पास झालं होतं.

मग नवी पट्टी मी स्वतः आप्पांच्या दंडावर लावली. भाकरी-खरडा खाऊन होईतो आकडा आला. साखर कमी नव्हतीच, धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर होती.

"ह्यो मेंढीचा का माझा?"

"तुमचा."

"आदीचाच बरा व्हता," ते म्हणाले आणि बशी बाजूला सारली.

त्यांना गाडीत घालूनच पुण्याच्या डॉक्टरांकडे निघाले. भांडगावजवळ ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मेंढीला सोसलं. मला सोसंल न्हवं?"

मी ठामपणे 'हो' म्हणाले. हाताशी पुरावा नसताना बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ.