नाकाडोंगरीहून आलेली अनोळखी जोडणी

हर्षा गोंडाणे माझ्या नजरेत पहिल्यांदा भरली ती मी शिकवत होतो त्या करडीच्या शाळेत, ती सातवीत असताना. एक पाहुणे सरळ प्रयोगशाळेत शिरत होते. ही दारात आडवी उभी. "तुमी कोन आहा जी? गुरुजीले इचारून येतो, मंग जा." ते शिक्षण विस्तार अधिकारी होते. हसले, पण थांबले.

पुढे ती संगणक शिकली आणि साकोलीतल्या एका सिकलसेल संस्थेत लागली. निवृत्त झाल्यावर मीही तिथे जाऊ लागलो. तपासणीला आलेल्या घरच्यांना धीर द्यायचा, एवढंच माझं काम. हा रक्ताचा आजार आमच्याकडे बऱ्याच घरांत आहे, आणि कुणाच्या मुलीला तो आहे हे बाहेर कळलं तर सोयरीक मोडते. म्हणून हर्षा प्रत्येक आईला शब्द द्यायची, "नाव बाहेर जानार नाही." त्या शब्दावर लोक रक्त द्यायचे.

ही नावं क्लाउडवर होती, म्हणजे कुठल्या तरी दूरच्या शहरात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये. हर्षा ऑफिसच्या संगणकावरून, संस्था चालवणारे डॉक्टर लॅपटॉपवरून आणि गावोगावच्या सेविका टॅबवरून त्याला जोडल्या जायच्या. तिच्या आधी हे काम पाहणाऱ्या निकेशने सगळ्यांना एकच पासवर्ड दिला होता, आणि कुठूनही जोडायची मुभा. हर्षाला ते बदलायचं होतं. "चालू आहे ना? कायले हात लावतेस?" असं म्हणून डॉक्टर टाळत.

एका सकाळी नाकाडोंगरीच्या सेविका उषाबाईंचा फोन आला. हर्षाने स्पीकर लावला.

"हर्षा, पासवर्ड आता भुलत नाही मी. बचत गटाच्या ग्रुपवर टाकून ठेवला. इचारला का कोनीबी सांगते."

"काकू, पूर्ण ग्रुपवर?"

"मंग का झालं? आपल्याच बाया आहेत."

हर्षाने आधी पासवर्ड बदलला. शेजारच्या खोलीतून डॉक्टर आले. "हर्षा, माझं बंद पडलं!"

"मीच बंद केलं, सर. बसा जरा."

आणि ते खरंच बसले.

मग तिने कोण कधी कुठून जोडलं गेलं याची नोंद उघडली. सगळे इंटरनेट पत्ते ओळखीचे, भंडाऱ्याकडचे. एक मात्र पुन्हा पुन्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजूचा. "तिकडं आपलं कोनीच नाही," ती पुटपुटली. नाकाडोंगरीच्या कितीतरी मुली तिकडे दिलेल्या आहेत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला.

उषाबाई अजून फोनवरच होत्या. हर्षा म्हणाली, "काकू, जुनाच पासवर्ड टाकून आता जोडून पाहा."

"लागन का?"

"नाही लागनार. तरी टाका."

पडद्यावर नवी ओळ उमटली. पासवर्ड चुकीचा, पत्ता तोच, बालाघाटचा.

"काकू, तुमच्याकडं टॉवर कुठचा पकडते?"

"नदीपल्याडचा, एमपीचा. इकडचा कुठं भेटते? काहून वं?"

हर्षाने टेबलावर डोकं टेकलं. ती रडते आहे असं मला वाटलं, पण ती हसत होती. मग तिने त्या पत्त्यावरून झालेलं एकेक काम तपासलं. प्रत्येक वेळी उषाबाईंनी केलेल्या तपासणीची भर पडली होती, बाकी कुठलंही नाव कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. गटातल्या बायांना पासवर्ड मिळाला होता, पण तो टाकायचा कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं.

"कर बाई, तुले जे कराचं ते," डॉक्टर म्हणाले.

तिने प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. सेविकेला फक्त तिचीच गावं दिसतील असं केलं. आता टॅब आधी सर्व्हर खरा आपलाच आहे ना हे पडताळतो, आणि माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. बाहेरून थेट जोडणी बंद झाली. टॉवर कुठलाही असो, आधी संस्थेच्या व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठी राखलेल्या बंद वाटेने जावं लागतं.

उषाबाई कुरकुरल्या, "एवढी कुलपं त बँकेतबी नसतात."

"तुमचा ग्रुप आहे तवर लागतातच, काकू."

त्या उन्हाळ्याच्या लग्नसराईत नाकाडोंगरीतली एकही सोयरीक आमच्यामुळे मोडली नाही. हर्षा साकोलीला खोली करून राहते, आणि महिन्यातून एकदा बसने नाकाडोंगरीला जाऊन उषाबाईंसोबत तपासणीचं शिबिर घेते.